खिशात भिजलेली नोट

श्रावणात भोपाळच्या न्यू मार्केटमध्ये अचानक सर आली की हातातल्या वर्तमानपत्राचा लगदा होतो. खिशातली दहाची नोट मात्र रात्रभर पंख्याखाली ठेवली की सकाळी पोहे-जिलेबीच्या गाडीवर बिनतक्रार चालते. गंमत अशी की दोन्ही जातींच्या कागदांच्या सरकारी गिरण्या मध्य प्रदेशातच आहेत. वर्तमानपत्री कागदाची नेपानगरला, १९५६ साली पंडित नेहरूंनी देशाला अर्पण केलेली. नोटांच्या कागदाची नर्मदापुरमला, म्हणजे जुन्या होशंगाबादेत, १९६८ पासूनची.

नोटेला कापसाच्या लांब तंतूंचा आधार असतोच, पण तेवढ्याने भागत नाही. कागदाचे तंतू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. पाणी आले की ते पाण्याशी सूत जुळवतात आणि एकमेकांचा हात सोडतात. साध्या कागदाची ताकद भिजल्यावर दहा टक्क्यांच्याही आत येते. म्हणून लगद्यातच रेझिन मिसळतात. मशीनच्या गरम रुळांवर ते पक्के होते आणि तंतूंच्या सांध्यांवर पाण्याला न तुटणारे जाळे धरते. १९४० च्या दशकात हे काम मेलामाइन-फॉर्मल्डिहाइड करू लागले. पुढे पॉलिअमाइड-एपिक्लोरोहायड्रिन आले.

अशा कागदाला जलरोधक म्हणणे चूक. अशाच कागदाची चहाची पिशवी पाणी पिते, फक्त फाटत नाही.

फाटत नाही, हीच पुढे अडचण होते. रद्दीचा पुन्हा कागद करायचा तर ती पाण्यात विरघळून तंतू सुटे व्हावे लागतात, आणि हा कागद तर विरघळायचाच नाही म्हणून बनवलेला. त्याला उष्णता आणि रसायने लावून वठणीवर आणावे लागते. २०१६ च्या नोटाबंदीनंतर बाद नोटांचे तुकडे केरळातल्या कन्नूरच्या एका प्लायवुड कारखान्यात गेले. तिथेही त्यांचा लगदा सहज होईना. अखेर उष्णता आणि दाबाखाली तो करून, लाकडाच्या लगद्यात थोडा थोडा मिसळून त्यांचे हार्डबोर्ड केले गेले.

नोटेसाठी हा त्रास समजण्यासारखा आहे. ती वर्षानुवर्षे हजारो हातांतून फिरते. दहा मिनिटांत फेकायच्या स्ट्रॉला तो कशाला? १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या स्ट्रॉवर बंदी आली आणि कागदी स्ट्रॉ ‘पर्यावरणस्नेही’ बिरुद लावून आली. सरबतात ती टिकते ती बहुधा अशाच रेझिनच्या जोरावर. शिवाय एपिक्लोरोहायड्रिनवर आधारलेल्या रेझिनमधून ३-एमसीपीडी नावाचे नकोसे उपद्रव्य अन्नात उतरू शकते. जर्मनीत खाद्यपदार्थांच्या कागदासाठी त्याची मर्यादा ठरलेली आहे.

रसायनाचे नाव काढले की भोपाळकराचे कान टवकारतात, आणि १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर त्यात नवल नाही. त्याला घाबरवायचे कारण नाही, पण सांगायला मात्र हवे. कागदी स्ट्रॉ आणि पेले विकणाऱ्यांनी खोक्यावर एवढे छापावे: आत कोणते रेझिन आहे आणि हा माल रद्दीत चालतो की नाही.