नऊ वर्षांचा करार

बडोद्यातल्या सूरसागर तळ्याजवळच्या संगीत महाविद्यालयाची मुळं १८८६ सालात आहेत. महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने उस्ताद मौलाबक्षांनी तेव्हा तिथे गायनशाळा काढली. उस्तादाच्या मर्जीवर मिळणारी विद्या वेळापत्रकात आणि स्वरलिपीत बसू लागली.

पण गरीब घरच्या मुलाने गाणं शिकताना राहायचं कुठे, जेवायचं काय?

हा प्रश्न पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी सोडवायला घेतला. कुरुंदवाडच्या या गायकाची दृष्टी लहानपणी फटाक्यामुळे अधू झाली होती. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. त्यातल्या उपदेशक वर्गाच्या मुलांना राहणं, जेवण आणि शिक्षण फुकट. बदल्यात नऊ वर्षं सोडून न जाण्याचा लेखी करार. मुलांनी एकत्र राहायचं, प्रार्थना म्हणायची, रियाज करायचा आणि पुढे स्वतः शिकवायचं.

१९०८ मध्ये विद्यालय मुंबईतही सुरू झालं. जहाज या खंभातजवळच्या गावचे ओंकारनाथ ठाकूर इथेच घडले आणि विशीच्या आत लाहोर शाखेचे प्राचार्य झाले. विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बा. र. देवधर हीसुद्धा याच पंगतीतली मुलं.

मुंबईतली इमारत पुढे कर्जापायी लिलावात गेली. विद्यार्थ्यांनी मात्र गुरूच्या निधनानंतर, १९३१ साली, गांधर्व महाविद्यालय मंडळ उभारलं. त्या मंडळाच्या परीक्षांना आजही देशभरातली मुलं बसतात.