इंजिन उतरविण्याचा विवेक
कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून बाहेर पडलेल्या आणि मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी दशकानुदशके राबविलेल्या पद्मिनीचे १०८९ घनसेंटीमीटरचे इंजिन जेव्हा दुरुस्तीसाठी उतरवावयाचे असते, तेव्हा ते गिअरबॉक्ससह काढावे की गिअरबॉक्स जागीच ठेवावा, हा प्रश्न वरवर केवळ सोयीचा भासला, तरी माझ्या मते तो मिस्त्रीच्या विवेकाची कसोटी पाहणारा आहे. दोन्ही एकत्र काढावयाची तर प्रॉपेलर शाफ्ट, गिअरच्या दांड्या, स्पीडोमीटरची केबल हे सारे आधी सोडवावे लागते, व चेनब्लॉकला टांगलेला तो लांबलचक जोड तिरपा करूनच वर घ्यावा लागतो. सबब काम इंजिनापुरतेच असेल तर बेलहाउसिंगचे बोल्ट काढून इंजिन एकटेच पुढे ओढणे रास्त. खरी जोखीम परत बसविताना असते. गिअरबॉक्सचा दातेरी शाफ्ट क्लचप्लेटच्या मध्यातून क्रँकशाफ्टच्या टोकाशी असलेल्या बेअरिंगमध्ये शिरावयाचा असल्यामुळे, प्लेट आधी जुन्या शाफ्टच्या साहाय्याने मध्यावर आणून मगच आवळावी, आणि गिअरबॉक्सखाली जॅक देऊन दोहोंची पातळी जुळवावी. अन्यथा सारा भार त्या शाफ्टवर येऊन नवी कोरी प्लेट वाकते. बोटभर फट उरली असता ती बोल्ट आवळून मिटविण्याचा मोह ज्यांना आवरत नाही, त्यांच्या हयगयीची भरपाई, बेलहाउसिंगचा कान तडकला म्हणजे, बिचाऱ्या गाडीमालकास करावी लागते. वस्तुतः गाडी गिअरमध्ये ठेवून क्रँकची पुली हाताने किंचित फिरविली, तर दात्यांत दाते बसून इंजिन बळावाचून मागे सरकते.