स्नायू दुखावला, पण कसा?

परीक्षेत भाषांतर चुकले तर दोन-चार गुण जातात. गेल्या हंगामात एका फुटबॉल सामन्यात माझ्याकडून एका शब्दाचे भाषांतर चुकले, आणि माझ्या मित्राचा सारा हंगाम गेला. ही चूक माझी आहे. पण ती उद्या दुसऱ्या कोणाकडूनही होऊ शकते, म्हणून तिच्याविषयी लिहीत आहे.

मी काकतीचा. शाळा मराठी माध्यमाची. पण गल्लीत मराठी आणि कन्नड दोन्ही चालतात, त्यामुळे दोन्ही भाषा जिभेवर बसल्या. आमच्या संघातही तसेच. निम्मी मुले मराठी, निम्मी कन्नड, आणि मी न नेमलेला दुभाष्या. त्या दिवशी उत्तरार्धात आमचा डावा विंगर चेंडूमागे जोरात धावला आणि एकाएकी मांडीची मागची बाजू धरून खाली बसला. रेषेबाहेरून सरांनी मराठीत विचारले, "काय झालं रे त्याला?" मित्र मला म्हणाला, "सेळेत बंदैती." मी ओरडून सांगितले, "सर, पेटका आलाय!"

माझे भाषांतर अगदीच निराधार नव्हते. पेटक्याला कन्नडमध्ये 'सेळेत' म्हणतातच. पण स्नायू ताणला गेला, ओढला गेला, तरीही तोच शब्द वापरतात. पेटका म्हटल्यावर जे करायचे ते सगळे झाले. दोघांनी त्याचा पाय सरळ वर धरून ताणला, मलम चोळले, पाठीवर थाप मारून "ऊठ, काही नाही झालं" म्हटले. तो उठला. दहा मिनिटांनी पुन्हा धावला आणि कोसळला, तो या वेळी उठलाच नाही. दोन दिवसांनी गुडघ्याच्या मागे काळेनिळे पडले. स्नायूचे तंतू फाटल्याचे डॉक्टरांनी सांगितले. नंतर तो मला म्हणाला, "पहिल्याच वेळी आत काहीतरी टचकन तुटल्यासारखं वाटलं होतं." मी विचारले असते तर त्याने तेव्हाच सांगितले असते. मी विचारलेच नाही.

ही अडाणी पोरांची गोष्ट झाली, असे कोणी म्हणेल. पण मोठमोठ्या डॉक्टरांचीही या बाबतीत पंचाईत होते. स्नायूच्या दुखापतींना नावे काय द्यावीत हे ठरवण्यासाठी २०११ साली जर्मनीत म्युनिच येथे तज्ज्ञांची बैठक झाली. जर्मनीच्या राष्ट्रीय संघाचे डॉक्टर म्यूलर-वोलफार्ट त्यात प्रमुख होते. त्याआधी इंग्रजी ही मातृभाषा असलेल्या तज्ज्ञांना प्रश्नावली पाठवली होती. उत्तरे आली तेव्हा दिसले, की 'स्ट्रेन' हा रोजच्या वापरातला शब्दसुद्धा प्रत्येक जण वेगळ्या अर्थाने वापरतो! मग त्यांनी दोन मोठे वर्ग पाडले. एका वर्गात स्नायू थकलेला, आखडलेला किंवा नसेच्या त्रासामुळे ताठरलेला असतो, पण फाटलेला नसतो. दुसऱ्या वर्गात तो खरोखर फाटलेला असतो, थोडा किंवा पुष्कळ. एकाच इंग्रजी भाषेत एवढा गोंधळ, तर दोन भाषांच्या आपल्या मैदानावर किती असेल? आपण 'लचक', 'चमक', 'गोळा', 'नस चढली' हे सारे शब्द एकाच पिशवीत कोंबतो.

आता हिशेबाकडे वळू, कारण मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे. स्वीडनचे डॉ. यान एकस्ट्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २००९ या काळात युरोपातील ५१ व्यावसायिक संघांतील सुमारे २,३०० खेळाडूंच्या दुखापतींची नोंद ठेवली. एकूण दुखापतींपैकी ३१ टक्के स्नायूंच्या होत्या. त्यांतही मांडीच्या मागच्या स्नायूंचा, म्हणजे हॅमस्ट्रिंगचा, वाटा सर्वांत मोठा, ३७ टक्के. त्याखालोखाल मांडीची आतली बाजू, मांडीची पुढची बाजू आणि पोटरी. पंचवीस खेळाडूंच्या संघाने एका हंगामात अशा सुमारे पंधरा दुखापती गृहीत धराव्यात आणि प्रत्येकीला साधारण दोन आठवडे, असे त्यांचे अनुमान आहे. म्हणजे तीस आठवड्यांचा खेळ बुडीत खात्यात! आणि १६ टक्के दुखापती पुन्हा त्याच जागी झालेल्या होत्या. त्यांना पहिल्यापेक्षा जास्त दिवस लागले. पहिल्या पानावरची चुकीची नोंद पुढे ओढत नेली की ताळेबंद कधीच जुळत नाही, तसेच हे.

"ते युरोपातले व्यावसायिक, त्यांच्याकडे एम.आर.आय. यंत्रे, आपल्याकडे काय आहे?" हा प्रश्न मला खुद्द संघातल्या मुलांनीच विचारला. उत्तर असे, की यंत्रही सगळे सांगत नाही. एकस्ट्रँड यांनीच २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत हॅमस्ट्रिंगच्या सुमारे ७० टक्के दुखापतींत एम.आर.आय. चित्रावर तंतू फाटल्याची खूण नव्हती. तरी खेळाडू मैदानाबाहेर राहिले त्यातले निम्म्याहून अधिक दिवस याच दुखापतींमुळे गेले. चित्रावर काहीच न दिसलेल्या खेळाडूलाही सरासरी आठ दिवस लागले आणि स्नायू पूर्ण फाटलेल्याला सरासरी त्र्याहत्तर. तेव्हा चित्र हवेच, पण खेळाडूला विचारणे आणि हाताने तपासणे त्याने सुटत नाही. आणि या दोन गोष्टींना पैसे पडत नाहीत.

विचारायचे काय? दुखणे धावताना एकाएकी आले की हळूहळू? काही तुटल्यासारखे वाटले का? पेटका बहुधा थकल्यावर येतो, स्नायूचा गोळा हाताला कठीण लागतो आणि हळुवार ताण दिला की तो सुटतो. फाटलेल्या स्नायूला ताण दिला तर कळ वाढते. एवढा एकच फरक मला ठाऊक असता तर! मग बघायचे: तो लंगडतो का? नंतर बोटांनी बैठकीच्या हाडापासून गुडघ्यापर्यंत चाचपायचे: दुखरी जागा एकच आहे का, तिथे खळगा लागतो का? मग पालथे झोपवून, आपल्या हाताच्या विरोधात गुडघा दुमडायला सांगायचे. शेवटी पाय सरळ ठेवून सावकाश वर उचलायचा. प्रत्येक वेळी धड पायाशी तुलना करायची. एकाच जागी बोट ठेवता येते, जोर लावताना कळ येते आणि ताण दिल्यावरही येते, तर त्या दिवशी खेळ बंद. पुढचे डॉक्टरांनी बघावे, कारण कंबरेचे दुखणेही कधी कधी मांडीत उतरते.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. कोल्हापूरच्या फुटबॉल संघांची नावे पाहा: पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ. आपला फुटबॉल तालमीच्या अंगणात वाढला आणि मालिशही तिथूनच घेऊन आला. मेहनत करून दमलेल्या पहिलवानाच्या अंगाला तेलाची मालिश चांगली. त्याबद्दल मला आदरच आहे. पण नुकत्याच फाटलेल्या स्नायूला चोळले किंवा शेकले तर आतला रक्तस्राव वाढतो. मांडीला जोराचा मुका मार लागला असताना चोळत राहिले तर स्नायूत हाड धरण्याचाही धोका असतो. पहिले दोन-तीन दिवस विश्रांती, पट्टी आणि पाय उंचावर ठेवणे एवढेच बरे.

पैसा असला म्हणजे शहाणपण येते असेही नाही. २०१४ साली ॲटलेटिको माद्रिदचा डिएगो कोस्टा चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्याच्या आठवडाभर आधी हॅमस्ट्रिंग दुखावून बसला. तो बेलग्रेडला जाऊन घोडीच्या वारेपासून केलेला उपचार घेऊन आला आणि २४ मे रोजी लिस्बनला मैदानात उतरला. नवव्या मिनिटाला बाहेर! एक बदली खेळाडू तिथेच खर्ची पडला. पुढे त्र्याण्णवाव्या मिनिटाला रिआलने बरोबरी साधली आणि जादा वेळेत ॲटलेटिको ४-१ असे हरले. कोस्टा एकटाच कारण होता असे मी म्हणत नाही. पण ज्याला खेळायचे आहे त्याच्यावरच 'खेळू का?' हा निर्णय सोपवला की तो नेहमी 'हो' म्हणतो. माझा मित्रही 'हो'च म्हणाला होता.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, खेळाडू बाहेर काढायचा की नाही हे खेळाडूने किंवा धावफलकाने ठरवू नये. त्यासाठी प्रत्येक सामन्याला एक माणूस नेमावा आणि त्याचा शब्द अखेरचा असावा. दुसरी, क्रीडा विभागात एक साधी वही असावी: तारीख, कोणता पाय, काय करताना दुखावले, किती दिवसांनी परतला. जमाखर्च लिहिणारी मुले महाविद्यालयात भरपूर आहेत. तिसरी, वरचे प्रश्न मराठीत आणि कन्नडमध्ये एकाच कागदावर छापून साहित्याच्या पेटीत ठेवावेत. त्यात 'सेळेत' या शब्दापुढे कंसात लिहावे: पेटका की ताण, हे पुन्हा विचारा.

कन्नड विभागाच्या संपादकांना माझी विनंती आहे, की यातला प्रश्नांचा भाग तरी त्यांनी आपल्या पानांत घ्यावा. भाषांतर मी करून देतो; पण छापण्याआधी ते माझ्या मित्राला दाखवणार आहे. तो आता सावकाश धावू लागला आहे. परवा सराव संपल्यावर तो मांडी चाचपत होता. मी जवळ गेलो आणि या वेळी आधी विचारले, "कुठं? कसं? केव्हापासून?" तो हसला आणि म्हणाला, "काही नाही, मुंगी चावली."