तबकडीच्या नावाने बिल फाडता येत नाही

उडत्या तबकड्यांशी माझे काही वाकडे नाही. त्यांनी खुशाल यावे, मे महिन्यात यवतमाळला चार दिवस मुक्काम करावा आणि परत जाऊन तिकडे काय सांगायचे ते सांगावे. माझे भांडण आहे ते त्यांच्या इथल्या वकिलांशी. असे एक वकील माझ्या भिंतीला भिंत लावून राहतात. निवृत्त मास्तर. पेन्शन बँकेत जमा होते आणि व्हिडिओ मोबाइलवर, त्यामुळे त्यांना कशाचीच ददात नाही.

2 एप्रिल 2022 चा गुढीपाडवा त्यांनी अजून जपून ठेवला आहे. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास आकाशातून आगीच्या गोळ्यांची एक वरातच गेली. जळगाव, बुलढाणा, अकोल्यापासून नागपूर, चंद्रपूरपर्यंत लोकांनी ती पाहिली. श्रीखंडाने जड झालेली आमची आळीही गच्चीवर धावली. मास्तर म्हणाले, "आले राजेहो, आले!" जणू जावईच उतरत होते.

कोणी उल्का म्हणाले, कोणी विमान, कोणी उपग्रह. त्याच संध्याकाळी न्यूझीलंडहून इलेक्ट्रॉन नावाचे रॉकेट सुटले होते, म्हणून काही जाणकारांनी त्याच्याकडे बोट दाखवले. मास्तरांना हेच हवे होते. "पाहा, तुमच्या शास्त्रज्ञांचंच एकमत नाही. मंग आमची तबकडी काय वाईट?"

ही त्यांची आवडती उडी. चार डॉक्टरांनी तापाची चार कारणे सांगितली म्हणून पाचवे कारण भूत ठरत नाही. शिवाय कारणे तपासता येतात. उल्का येते सेकंदाला 11 ते 72 किलोमीटर वेगाने. बहुधा बोट दाखवेपर्यंत गायब होते. ही वरात बायकामुलांना हाका मारून गच्चीवर आणेपर्यंत टिकली. पृथ्वीभोवती फिरणारी वस्तू सात-आठ किलोमीटरच्या वेगाने, अगदी तिरकी, हवेत शिरते आणि तुकडे होत जळत जाते. तीच ही चाल. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला, अडीच-तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे येऊन पडले. पुढे आसपासच्या भागात धातूचे गोळेही सापडले. कक्षा आणि वेळ जुळवून पाहणाऱ्यांनी हिशेब मांडला तो असा: फेब्रुवारी 2021 मध्ये चीनने सोडलेल्या लाँग मार्च 3बी रॉकेटचा तिसरा टप्पा. काम संपल्यावर वर्षभर वर फिरत राहिलेला, हवेला घासत घासत खाली आलेला.

मास्तर कड्यापाशी थोडे अडखळले, पण लगेच दुसऱ्या व्हिडिओवर गेले. फेब्रुवारी 1996. कोलंबिया यानातून सोडलेली जवळजवळ 20 किलोमीटर लांब तार तुटून दूर गेली आणि तिच्याभोवती गोल गोल चकत्या तरंगताना कॅमेऱ्यात दिसल्या. प्रत्येक चकतीच्या कडेला एक खाच. "चकत्या तारेच्या मांगून चालल्या ना! म्हणजे केवढ्या मोठ्या असतीन त्या?"

मी म्हटले, मास्तर, रात्री दत्त चौकात उभे राहून चष्मा काढा. एकूण एक दिवे सारख्याच आकाराच्या गोल चकत्या होतात. कॅमेऱ्याचेही तेच. तो दूरच्या तारेवर लावलेला. यानाजवळचे बर्फाचे आणि कचऱ्याचे बारीक कण त्याला धूसर, फुगलेले दिसले. प्रत्येक चकतीला तीच खाच असेल तर खाच चकतीची नव्हे, कॅमेऱ्याच्या भिंगांची. आणि तार इतकी झगझगीत दिसत होती की तिच्यावरून फिकट चकती गेली काय न् नाही गेली काय, कॅमेऱ्याला फरक कळणार कसा? म्हणून ती मागून गेल्यासारखी वाटते.

1991 च्या डिस्कव्हरीच्या चित्रणात एक ठिपका झटकन वळून पळतो, त्यावरही ते बोलले. वळण्याआधी जो उजेड चमकतो तो मात्र ते सांगत नाहीत. यानाचे छोटे इंजिन क्षणभर पेटते, त्याच्या वायूचा झोत बर्फाच्या कणाला लागतो, कण पळतो. 1962 मध्ये जॉन ग्लेनला यानाबाहेर काजवे दिसले होते. तीन महिन्यांनी स्कॉट कार्पेंटर गेला, त्याने आतून यानाची भिंत ठोकली आणि काजवे भुर्रकन उडाले. यानावरचे दव गोठून झालेला बर्फ होता तो. मला तर भिंत ठोकून पाहणारा हा मनुष्य फार आवडतो. आमच्या आळीत असा एक तरी हवा होता.

"जाऊ द्या ना," मास्तर म्हणाले, "आम्ही तबकडी म्हटली तं तुमचं काय चाललं?"

माझे नाही, लाडबोरीचे चालले असते. कडे मोकळ्या जागेत पडले, कोणाला लागले नाही. ते गोठ्यावर पडते तर? यासाठी 1972 चा आंतरराष्ट्रीय करार आहे: अवकाशात सोडलेल्या वस्तूने जमिनीवर नुकसान केले तर सोडणारा देश भरपाई देणे लागतो, चूक कोणाची हा प्रश्नच नाही. भारत आणि चीन दोघेही त्यात आहेत. 1978 मध्ये रशियाचा कॉसमॉस 954 हा अणुभट्टीवाला उपग्रह कॅनडात कोसळला. कॅनडाने सफाईचे साठ लाख डॉलरचे बिल धाडले आणि 1981 मध्ये तीस लाख पदरात पाडून घेतले. निम्मेच मिळाले, पण मिळाले. कारण कॅनडाने तुकडे वेचले, तपासले आणि मालकाचे नाव लिहिले.

आमच्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला पंचनामा नवा नाही. गारपिटीचा होतो, रानडुकरांचा होतो. आभाळातून पडलेल्या लोखंडाचाही उद्या होईल. तलाठी विचारील, नुकसान कशाने झाले? तिथे मास्तरांसारखे चार जाणते लोक पुढे होऊन 'परग्रहावरून' म्हणाले, की पुढचा रकाना तलाठी न विचारताच भरणार: रक्कम, निरंक.