कांचबिंदु आणि घरांतील मौन

म्हातारपण आलें कीं डोळे मंद व्हावयाचेच, असें आपण सहज म्हणतों. पवित्र शास्त्रांतील वृद्ध इसहाकाची दृष्टि मंदावली, तेव्हां त्याच्या घरच्यांनींहि बहुधा असेंच म्हटलें असेल. आपल्या सातारा-सांगलीकडे या निश्चिंतपणास एक चांगलें कारणहि घडलें आहे. डॉ. वॉनलेस यांनीं १८९४ सालीं मिरजेस रुग्णालय उघडलें, आणि मोतीबिंदु काढला कीं पुन्हा दिसूं लागतें, हा अनुभव घेऊन कित्येक वृद्ध तेथून आपापल्या गांवीं परतले. त्यामुळें डोळ्यांची कोणतीहि तक्रार निघाली कीं ‘पिकूं द्या, मग पाहूं’ असें म्हणण्याची आपणांस संवय लागली आहे.

कांचबिंदूच्या बाबतींत ही संवय घातक आहे. डोळ्यांत पाण्यासारखा एक रस सतत उत्पन्न होतो व बारीक वाटांनीं बाहेर जातो. ती वाट अडली कीं आंतील दाब वाढतो, आणि डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू सुकते. हा दाब साधारणतः पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर इतका असतो. कित्येकांच्या नसेस मात्र तेवढाहि सोसत नाहीं. बहुधा कांहीं दुखत नाहीं, खुपत नाहीं. प्रथम बाजूचें दिसणें जातें व समोरचें राहतें. म्हणून रोगी वर्तमानपत्र वाचतो, पण उंबऱ्याला ठेचाळतो. गेलेली दृष्टि कोणत्याहि उपायानें परत येत नाहीं. उरलेली तेवढी राखतां येते.

मग हा धोका कोणास अधिक? वयाची चाळिशी ओलांडलेल्यांस, मोठ्या उणे नंबराचा चष्मा असणारांस, मधुमेह्यांस, विटी, चेंडू किंवा फटाका लागून ज्यांच्या डोळ्यास पूर्वीं मार बसला आहे त्यांस. अधिक नंबराचे लहान डोळे असणारांस, व त्यांतहि स्त्रियांस, याचा एक अकस्मात् प्रकार होतो. त्यांत डोळा लाल होतो, डोकें फुटल्यासारखें दुखतें, ओकाऱ्या होतात आणि दिव्याभोंवतीं रंगीत कडें दिसतें. तेव्हां त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. मोतीबिंदु अति पिकूं दिला तर त्यांतूनहि हा रोग उद्भवतो.

परंतु सर्वांत ध्यानांत ठेवण्याजोगा धोका रक्ताच्या नात्याचा आहे. आईबाप किंवा भावंडें यांपैकीं कोणास कांचबिंदु असेल, तर इतरांपेक्षां आपणांस तो होण्याचा संभव कित्येक पटींनीं अधिक असतो. आणि नेमकी हीच गोष्ट आपण लपवितों! आमच्या माहितीच्या एका घरीं थोरले बंधु दहा वर्षें डोळ्यांत थेंब घालीत होते. मुलींचीं लग्नें व्हावयाचीं म्हणून बाहेर कोणास कळूं दिलें नाहीं, पाठच्या भावासहि नाहीं. तो भाऊ डॉक्टरकडे गेला तेव्हां त्याचा एक डोळा गेलेला होता. थोरल्यांच्या मनांत वाईट कांहींच नव्हतें. पण त्यांच्या एका शब्दानें तो डोळा वांचता. दक्षिण भारतांतील खेड्यांत झालेल्या पाहण्यांत ज्यांस हा रोग आढळला, त्यांतील दहांपैकीं नवांहून अधिकांस तो पूर्वीं ठाऊकच नव्हता.

कोणी म्हणेल, गेलेलें परत येत नाहीं, तर कळून काय उपयोग? उपयोग हाच कीं, नित्य घालावयाचे थेंब, लेसर किंवा शस्त्रक्रिया यांनीं पुढील हानि बहुतेकांची रोखतां वा मंद करतां येते. तहान लागल्यावर विहीर खणणें मूर्खपणाचें खरें; पण तेथें उशिरां कां होईना, पाणी लागतें. येथें तेंहि लागत नाहीं.

विद्यार्थ्यांसहि एक इशारा द्यावयाचा आहे. उन्हाळ्यांत डोळे खाजूं लागले, किंवा उसाचें पातें डोळ्यास लागलें, कीं दुकानांतून एखादी बाटली आणून महिनोन्‌महिने थेंब घालणारीं मुलें आम्ही पाहतों. कित्येक बाटल्यांत स्टेरॉइड असतें. त्यानें खाज तत्काळ थांबते, पण कांहींच्या डोळ्यांतील दाब वाढतो, आणि मुलांसहि कांचबिंदु होतो. पात्याच्या जखमेंत तर त्यानें अधिकच अनर्थ होतो. डॉक्टरच्या सांगण्याविना, किंवा दुसऱ्याच्या बाटलींतील, थेंब घालूं नये.

पालकांस आमचें सांगणें इतकेंच कीं, चाळिशीचा चष्मा घेण्यास जाल तेव्हां केवळ नंबर काढून परत येऊं नका. डोळ्याचा दाब व नस दोन्हीं तपासून घ्या. ज्यांस हा रोग आहे त्यांनीं तो आपल्या भावंडांस व मुलांस मोकळेपणानें सांगावा; त्यांत लाज नाहीं, उलट तें कर्तव्य आहे. आणि मुलांनो, या सुटींत घरीं जाल तेव्हां आजीआजोबांस विचारा कीं, आपल्या घराण्यांत कोणाची दृष्टि गेली होती काय, आणि ती कशानें गेली? उत्तर मिळेल तें आईबापांच्या कानीं घाला.