फक्त लिटरच मोजायचे का?

वाशी भागात म्हैस विकत घ्यायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, "दूध किती लिटर?" साहजिकच आहे. भूम-वाशीकडच्या खव्याच्या भट्ट्या काय, कुंथलगिरीचा पेढा काय, सगळं दुधावरच चालतं. पण "ही आजारी किती पडते?" हे सहसा कुणी विचारत नाही. माझ्या मते आपलं गणित इथंच चुकतं.

एकाच गोठ्यात, एकाच कडब्यावर दोन म्हशी असतात. एकीच्या कासेला सारखी दगडी, दुसरी मात्र ठणठणीत! यात स्वच्छता, वय, दूध काढायची पद्धत हे सगळं येतंच, पण थोडा वाटा जनुकांचाही असतो. शरीरात जंतू शिरला की त्याचा तुकडा धरून 'हा बघा चोर' असं संरक्षक पेशींना दाखवणारी प्रथिनं असतात. ती घडवणारं डीआरबी-३ नावाचं जनुक म्हशींमध्ये अनेक रूपांत आढळतं. एका रूपाला एक जंतू नीट पकडता येतो, दुसऱ्याला दुसरा. म्हणून कळपात रूपं जितकी जास्त, तितका साथीचा धोका विभागला जातो. होस्टेलच्या सगळ्या खोल्यांना एकच किल्ली लागली तर चोराचं काम किती सोपं होईल, विचार करा!

आणि आपण करतो काय? दुधासाठी मुऱ्हा रेड्याच्या कांड्या वापरून म्हशी भरवतो. दूध वाढतं, हे नाकारून चालणार नाही. पण मोजक्याच रेड्यांची हजारो रेडकं झाली तर विविधता घटणारच. दुष्काळ आणि ऊन सोसत आलेली आपली मराठवाडी म्हैस, तिच्या जनुकांत काय दडलंय हे पुरतं तपासण्याआधीच पुसली जाईल.

नॉर्वेने १९७० च्या दशकापासून गायींच्या आजारांच्या नोंदी ठेवल्या आणि वळू निवडताना त्याही धरल्या. आपल्याकडे जनावराच्या कानात १२ अंकी बिल्ला आहे. म्हशीच्या जनुकसंचाचा गुणसूत्रनिहाय आराखडाही २०१९ मध्ये प्रसिद्ध झालाय. मग त्या बिल्ल्यासमोर लिटरबरोबर दगडी, घटसर्प, लाळ्या-खुरकूत यांची नोंद का नको? अशी नोंद सोपी करणारं सॉफ्टवेअर तर आपल्यातलाच कुणी प्रोजेक्ट म्हणून करू शकतो.

लस द्यायचीच, गोठाही स्वच्छ ठेवायचाच. पण रेडा निवडताना त्याच्या लेकी किती दूध देतात याबरोबर किती निरोगी राहतात हेही विचारायला हवं. दवाखान्यात गेलेला पैसा शेवटी त्याच लिटरमधून वजा होतो ना!