विश्लेषण : ढगातले हिमकण की यंत्राने केलेला चुरा?

ढगात बर्फ किती आणि कोणत्या आकाराचा, यावर पावसाचे आणि हवामान बदलाचे अंदाज अवलंबून असतात. तो मोजण्यासाठी विमाने थेट ढगात शिरतात. मात्र मोजणारे उपकरणच हिमकण फोडत असेल तर?

मोजणी कशी होते?
विमानाच्या पंखाखालील उपकरणाला पुढे आलेल्या दोन भुजा असतात. त्यांच्यामधून लेझर किरण जातो. हिमकण त्यातून गेला की त्याची सावली प्रकाशसंवेदकांवर पडते आणि आकार व संख्या नोंदली जाते. अतिसूक्ष्म कणांसाठी त्यांनी विखुरलेला प्रकाश मोजला जातो.

घोळ कुठे होतो?
संशोधन विमानाचा वेग सेकंदाला साधारण १०० ते २०० मीटर असतो. या वेगात मोठा हिमस्फटिक भुजेच्या टोकावर आदळला की त्याचा चुरा होतो. हे तुकडे लेझरमधून गेले की ढगातलेच कण म्हणून मोजले जातात. त्यामुळे लहान कणांची संख्या काही वेळा दहापटीहून अधिक फुगते.

हे सिद्ध कसे झाले?
शंका आधीपासून होतीच. २००९ मध्ये कॅनडात अलेक्सी कोरोलेव्ह आणि सहकाऱ्यांनी ‘कॉन्व्हेअर-५८०’ विमानावर जुन्या आणि सुधारित टोकांची उपकरणे शेजारी-शेजारी बसवून उड्डाणे केली. सुधारित टोके तुकडे लेझरपासून दूर उडवतात. ढग एकच असूनही दोन्ही नोंदींत मोठी तफावत आढळली.

जुन्या नोंदी वाचवता येतात?
काही प्रमाणात. एकाच स्फटिकाचे तुकडे घोळक्याने, पाठोपाठ येतात. दोन कणांमधील अंतर फारच कमी असेल, तर संगणक ते वगळतो. पण या चाळणीतून काही तुकडे सुटतात आणि काही खरे कणही गळतात. म्हणून सुधारित टोके आणि चाळणी दोन्ही लागतात. ज्या जुन्या नोंदींत प्रत्येक कणाची वेळच नाही, त्या दुरुस्त करणे अवघड आहे.

एवढे महत्त्व कशासाठी?
तेवढाच बर्फ बारीक कणांत विभागलेला असेल, तर ढग अधिक सूर्यप्रकाश परतवतो. बारीक कण सावकाश खाली येत असल्याने तो टिकतोही जास्त. आकडा फुगलेला असेल, तर त्यावर पारखलेले हवामान प्रारूपही चुकते.

भारताशी संबंध काय?
पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने (आयआयटीएम) २००९ पासून ‘कायपीक्स’ मोहिमेत विमानाने ढगांची मोजमापे घेतली. पुढे सोलापूर परिसरातही उड्डाणे झाली. कृत्रिम पावसासाठी थंड ढगात सिल्व्हर आयोडाइड फवारतात, ते बर्फ तयार व्हावा म्हणून. ढगात आधीच पुरेसा बर्फ असेल, तर फवारणीचा उपयोग नाही. म्हणजे खर्च करायचा की नाही, हेही अचूक मोजणीवर ठरते.

मग लहान हिमकण खोटेच का?
नाही. उणे ३ ते उणे ८ अंश सेल्सिअस तापमानात, न गोठलेले थेंब बर्फावर आदळून गोठताना बारीक किरचा उडतात, असे हॅलेट आणि मॉसप यांनी १९७४ मध्ये प्रयोगशाळेत दाखवले. म्हणजे निसर्गही बर्फाचा चुरा करतो, यंत्रही. या दोन्हींतला फरक ओळखणे, हेच आजचे खरे आव्हान आहे. होलोग्राफिक कॅमेरे कणाची त्रिमितीय जागा टिपत असल्याने तुकड्यांचे घोळके ओळखण्यास मदत होते. मात्र एका वेळी ते ढगाचा अगदी छोटा भाग पाहतात.